मोबाइल हातात, मन जागेवर

वर्षावास संपतो. अश्विन पौर्णिमेला विहारातले ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन पूर्ण होते. पुढच्या काही दिवसांत आष्टी तालुक्यातल्या आपल्या वस्त्या अर्ध्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. ट्रक-ट्रॅक्टर भरून कोयते पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. मागे उरतात आजी-आजोबा, शाळेतली लेकरे आणि घरातला एक मोबाइल.

रात्री आठ-साडेआठला त्या मोबाइलवर फोन येतो. फडावरून कोपीवर परतलेली आई चुलीपुढे बसून लेकराचे तोंड पाहते. जेवलास का, अभ्यास झाला का, आजीला त्रास देऊ नको. दहा मिनिटांचे बोलणे होते. मोबाइल नसता तर हे लेकरू पाच-सहा महिने आईच्या तोंडाला पारखे झाले असते.

पण फोन ठेवल्यावर तोच मोबाइल लेकराच्या हातात राहतो. आजी झोपी जाते. अकरा वाजले तरी गोधडीखाली उजेड दिसतो. सकाळी पोरगे शाळेला उठत नाही, उठले तर चिडचिड करते, डोळे चोळते. आजीला मोबाइल बंद करता येत नाही आणि पोराला तो सोडवत नाही. तिकडे कोपीतही काही वेगळे नसते. दिवसभर ऊस तोडून आलेला बाप पाठ टेकवून रील पाहत पडतो आणि पहाटे पुन्हा गाडी भरायला उठतो.

मोबाइल चांगला की वाईट, असा प्रश्न आम्हाला वस्तीत नेहमी विचारला जातो. ज्या वस्तूने आई आणि लेकरू जोडलेले आहे, तिला वाईट म्हणायला आमची जीभ रेटत नाही. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर प्रश्न थोडा बदलून घेऊ. मोबाइल घरात ठेवूनही मन आपल्या ताब्यात कसे राहील?

आपल्या लेखी अध्यात्म म्हणजे काय?

अध्यात्म म्हटले की आत्मा, परमात्मा, अंगात येणे असे काहीबाही डोळ्यांपुढे येते. आपण अनात्मवादी. आपल्या धम्मात आत्म्याला जागा नाही, चित्ताला मात्र पहिली जागा आहे. आपले चित्त या क्षणी कुठे आहे, कशाने लोभावले आहे, कशाने पेटले आहे, याची जाग ठेवणे म्हणजे सम्यक स्मृती. अष्टांगिक मार्गातले ते सातवे अंग. रोजच्या जगण्यात आपले ‘अध्यात्म’ इतके साधे आहे.

नेमके हेच चित्त मोबाइललाही हवे असते. एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होतो, बोट सरकवले की नवे काहीतरी येते, मधूनच घंटी वाजते. ही सगळी रचना आपले लक्ष धरून ठेवण्यासाठी केलेली आहे, कारण आपण जितका वेळ पाहू तितक्या जाहिराती दाखवता येतात. तेव्हा ‘पोराला संयम नाही’ असे म्हणून मोकळे होऊ नये. समोर हुशार यंत्रणा आहे आणि तिच्यापुढे बारा वर्षांचे लेकरू एकटे बसवलेले आहे.

बाबासाहेबांना यंत्र का हवे होते?

धम्म आणि यंत्र यांचे वैर नाही. त्रिपिटक आधी भिक्खूंच्या पाठांतरात होते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत ते ताडपत्रावर उतरले, पुढे छापखान्यात गेले आणि आज मोबाइलवर वाचता येते. बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढले. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून त्यांनी आपले जीवनतत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, हे त्यांनी रेडिओवरून देशाला ऐकवले.

१९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधी विचाराला उत्तर दिले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की दिवसभर पोटासाठी राबणाऱ्याला विचार करायला, शिकायला उसंत मिळत नाही. फुरसत नसेल तर संस्कृती नाही, आणि कष्टकऱ्याला फुरसत मिळायची तर यंत्र हवे. यंत्रातून जे वाईट निपजते त्याचा दोष यंत्राला देऊ नका, ज्या समाजव्यवस्थेत ते वापरले जाते तिला द्या.

हा विचार आज आपल्या घराला लावून पाहू. बँकेची रांग, दाखल्यासाठीची खेप, शेतकी दुकानातली चौकशी, यातले बरेचसे काम मोबाइलने वाचवले. वाचलेला तो वेळ गेला कुठे? बहुतेक घरांत तो पुन्हा मोबाइलमध्येच गेला. बाबासाहेबांना यंत्राकडून जी फुरसत हवी होती, ती यंत्राने एका हाताने दिली आणि दुसऱ्या हाताने काढून घेतली. आपल्या पणजोबांना जी कधी मिळाली नाही, ती फुरसत आपण अशी सहज देऊन टाकावी का?

शरीरात काय घडते?

आता थोडे वैद्यकीय बोलू.

झोप: अंधार पडला की मेंदू मेलाटोनिन नावाचे द्रव्य सोडतो आणि झोप येते. डोळ्यांजवळचा प्रखर पडदा हे काम लांबवतो. त्यात मारामारीचा, भीतीचा किंवा भांडणाचा व्हिडिओ पाहिला तर मन आणखी जागे होते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तेरा ते अठराच्या मुलांना ८ ते १० तास आणि मोठ्यांना निदान ७ तास झोप लागते. झोप तुटली की लक्ष लागत नाही, पाठांतर टिकत नाही, राग लवकर येतो. ऊसतोडीवरच्या माणसासाठी हा जिवाचा प्रश्न आहे. पहाटेच्या अंधारात हातात धारदार कोयता असतो, डोक्यावर मोळी असते आणि पाय ट्रकला लावलेल्या फळीवर असतो. अपुऱ्या झोपेने हात आणि नजर दोन्ही मंदावतात.

डोळे: पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप जवळजवळ निम्म्यावर येते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडच्या झाडाकडे किंवा भिंतीकडे वीस सेकंद पाहावे. लहान मुले रोज दोनेक तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळली तर जवळचा चष्मा लागण्याचा धोका कमी होतो. यासाठी पैसा लागत नाही, अंगण पुरते.

मान: आपले डोके सुमारे पाच किलोचे. मान खूप खाली वाकवून मोबाइल पाहिला की मानेवर त्याच्या कितीतरी पट ताण पडतो. मोळ्या वाहून आधीच थकलेल्या मानेला हा दुसरा भार. मोबाइल डोळ्यांच्या पातळीजवळ धरावा आणि पडून पाहणे टाळावे.

लहान लेकरे: जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे, की एक वर्षाच्या लेकराला पडदा दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, आणि त्याहून कमी असेल तर आणखी चांगले. घास भरवताना मोबाइल पुढे धरण्याची सवय इथेच थांबवायला हवी. बोलायला शिकणाऱ्या बाळाला माणसाचे तोंड दिसावे लागते. दूरवरच्या आईशी व्हिडिओवर बोलणे यात मोजू नका, तिथे समोर माणूसच असतो.

सांगलीतल्या एका गावाचा भोंगा

हे सगळे पटले तरी एकट्या घराला जमत नाही. शेजारच्या घरात मोबाइल चालू असला की आपले पोर तिकडे पळते. म्हणून सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने काय केले ते पाहण्यासारखे आहे.

कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरल्या. शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातचा मोबाइल सुटेना आणि मोठी माणसे टीव्हीपुढून उठेनात. गावाने ग्रामसभेत विषय घेतला, महिलांनी तो उचलून धरला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून नवा रिवाज सुरू झाला. संध्याकाळी सात वाजता गावच्या मंदिरावरचा भोंगा वाजतो. मोबाइल बाजूला, टीव्ही बंद. साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो. मधला दीड तास मुलांच्या अभ्यासाचा, वाचनाचा आणि घरच्या माणसांच्या बोलण्याचा. सुरुवातीला लोक हसले. वस्तीवस्तीतल्या समित्यांनी दारोदार जाऊन समजावले, तेव्हा घडी बसली.

यातल्या तीन गोष्टी आपण घेऊ. त्यांनी मोबाइल फोडला नाही, फक्त दीड तास बाजूला ठेवला. नियम मुलांना आणि मोठ्यांना सारखाच लावला. आणि तो सगळ्या गावाने एकाच वेळी पाळला, त्यामुळे कोणाला आपण एकटेच काही गमावतोय असे वाटले नाही. बुद्धाने संघ का उभारला, हे यातून कळते. एकट्याचा निश्चय तिसऱ्या दिवशी ढिला पडतो, दहा जणांचा टिकतो.

मोबाइल जमा, कॅसेट चालू

दुसरे उदाहरण धम्माच्या घरातलेच आहे. नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेचे मोठे केंद्र आहे. म्यानमारमध्ये जन्मलेले सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि त्यांनी ही साधना इथे पुन्हा शिकवायला घेतली. दहा दिवसांच्या शिबिरात पहिल्याच दिवशी मोबाइल जमा करावा लागतो आणि मौन पाळावे लागते. शुल्क नसते, केंद्र दानावर चालते.

गंमत अशी, की साधनेच्या सूचना मात्र ध्वनिमुद्रणातून मिळतात आणि संध्याकाळचे प्रवचनही मुद्रित केलेलेच ऐकवले जाते. गोयंका २०१३ मध्ये गेले, तरी शिबिरे थांबली नाहीत. म्हणजे मोबाइल बाहेर ठेवणाऱ्या जागेतच यंत्र धम्माचे काम करते. फरक एवढाच, की कोणते यंत्र, केव्हा आणि कशासाठी चालेल हे माणसाने आधी ठरवले आहे. समतोल यालाच म्हणायचे.

सगळ्यांना दहा दिवस निघणे जमत नाही. ऊसतोडीच्या हंगामात तर नाहीच. म्हणून घरी करता येईल असे खाली देत आहोत.

घरासाठी सहा गोष्टी

१. आधी आईचा फोन, मग मोबाइलला विसावा. आपल्या वस्तीची वेळ वडगावच्या वेळेवर बसवू नका, फडावरच्या फोनवर बसवा. साडेआठला फोन येत असेल तर तो होऊ द्या, मनसोक्त बोला. त्यानंतर मोबाइल चार्जिंगला लावून आजीच्या उशापासून दूर, उंच फळीवर ठेवा. घंटी चालू ठेवा, म्हणजे रात्री-अपरात्री निकडीचा फोन आला तर कळेल. झोपण्याआधीचा एक तास पडद्याशिवाय जावा.

२. दहा मिनिटे आनापान. त्रिसरण-पंचशील म्हणून झाले की तिथेच बसा. पाठ ताठ, पण अंग सैल. डोळे मिटा. नाकपुड्यांपाशी आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास फक्त पाहा. तो लांब करू नका, रोखू नका, मोजू नका. मन पळेल. पळाले हे लक्षात आले की स्वतःवर न रागावता त्याला परत श्वासावर आणा. मन शंभर वेळा पळाले आणि शंभर वेळा परत आणले तरी साधना बिघडली असे समजू नका, परत आणणे हीच साधना आहे. मुलांना पाच मिनिटे पुरे. शालेय शिक्षण विभागाच्या ‘मित्र उपक्रमा’तून राज्यातल्या शाळांमध्ये हेच आनापान शिकवले गेले आहे, तेव्हा मुलांना ते अगदीच नवखे नसेल.

३. फोनवरून ग्रंथवाचन. वर्षावासात लागलेली वाचनाची सवय हंगामात तुटते. ती मोबाइलनेच जोडता येते. आठवड्यातून एक रात्र ठरवा. इकडे लेकराने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मधले एक पान मोठ्याने वाचावे, तिकडे कोपीत आईबापांनी ऐकावे. लेकराचे वाचन सुधारते, आईला लेकराचा आवाज मिळतो आणि धम्म दोन्हीकडे पोचतो. मोबाइलचा याहून चांगला उपयोग आम्हाला तरी सुचत नाही.

४. पौर्णिमेचा उपोसथ. उपोसथाला आपण अष्टशील घेतो. त्यातले सातवे शील नाच, गाणे, वाद्य आणि तमाशे पाहण्यापासून दूर राहायला सांगते. आजच्या काळात हे सगळे पडद्यावर येऊन बसले आहे. महिन्यातून एक दिवस फक्त फोन घ्यायचा आणि करायचा, बाकी काही पाहायचे नाही, एवढे केले तरी हे शील अर्थासह पाळले जाईल. संध्याकाळपर्यंत किती वेळा हात नकळत मोबाइलकडे गेला ते मोजा. तो आकडाच पुष्कळ शिकवील.

५. पुढे पाठवण्याआधी तीन श्वास. अमुक पाल्याने साखर जाते, तमुक काढ्याने मुतखडा विरघळतो, असे निरोप वस्तीतल्या प्रत्येक मोबाइलवर येतात. त्यावर विसंबून कोणी रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी बंद केली तर पक्षाघातापर्यंत वेळ जाऊ शकते. ऐकीव आहे किंवा परंपरेने आले आहे म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. निरोप आला की तीन श्वास थांबा आणि आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारा. खोटे पुढे पाठवणे हेही मुसावादातच मोडते.

६. विहारात मोबाइल पिशवीत. वंदना सुरू असताना प्रत्येकाने व्हिडिओ काढू नये. एकाने काढावा आणि तो फडावरच्या मंडळींना पाठवावा. बाकीच्यांचे हात जोडलेले असावेत. दाराशी एक कापडी पिशवी टांगली आणि आत जाताना मोबाइल तिच्यात ठेवला की काम झाले. हा नियम आधी कार्यकारिणीने पाळावा, म्हणजे पोरांना सांगावे लागणार नाही.

सवय कधी आजार होते?

मोबाइल जास्त पाहणारा प्रत्येक जण आजारी नसतो. पण खेळावर ताबा राहिला नाही, बाकी सगळ्या गोष्टी मागे पडल्या, नुकसान दिसत असूनही खेळ सुटत नाही आणि असे साधारण वर्षभर चालले असेल, तर त्याला जागतिक आरोग्य संघटनेने आजार मानले आहे. त्यांच्या रोगांच्या नव्या यादीत तो आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. लक्षणे तीव्र असतील तर वर्षभर वाट पाहण्याचीही गरज नाही. पैसे लावून खेळणे, घरातून पैसे जाणे, शाळा सुटणे, जेवण तुटणे, गप्प राहणे, मरणाच्या गोष्टी बोलणे, यातले काही दिसले तर मारझोड करू नका आणि मोबाइल हिसकावून फोडू नका. शांतपणे जवळ बसा आणि मदत घ्या.

‘टेलीमानस’ ही सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक लावा. दिवसरात्र केव्हाही बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. फडावरूनही हा फोन लागतो. जिवाला धोका वाटला तर १०८ ला फोन करा. संकटातल्या मुलांसाठी १०९८ आहे. मदतीसाठी मोबाइल उचलणे यात कमीपणा नाही.

आणखी एक खबरदारी. ध्यान हे औषधाच्या बदल्यात नाही. ज्यांचे मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत त्यांनी गोळ्या बंद करू नयेत आणि लांबच्या शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांना विचारावे. डोळे मिटून बसल्यावर भीती दाटून येत असेल तर थांबावे, डोळे उघडून हळूहळू चालावे आणि चालताना पावलांकडे लक्ष ठेवावे.

वीणेची तार

सोण नावाचा एक भिक्खू होता. चालून चालून त्याचे पाय रक्ताळले, तरी मन शांत होईना. तो पूर्वी वीणा वाजवायचा, हे तथागतांना ठाऊक होते. त्यांनी विचारले, तार फार ताणली तर सूर लागतो का? नाही. फार सैल सोडली तर? तरीही नाही. मग मनाचेही तसेच समज, असे त्यांनी सांगितले.

घरात मोबाइलवर बंदी घातली तर ती ताणलेली तार. पोर चोरून पाहील आणि आईचा फोनही तुटेल. काहीच नियम न ठेवणे ही सैल तार. गोधडीखालचा उजेड हा तिचाच. मधला सूर प्रत्येक घराने आपल्या फोनच्या वेळेप्रमाणे, आपल्या लेकराच्या वयाप्रमाणे लावून घ्यायचा आहे.

आज रात्री फडावरून फोन येईल. त्यावर एवढेच ठरवून घ्या, की बोलणे झाल्यावर इकडचा मोबाइल फळीवर जाईल आणि तिकडचाही. मग दोन्हीकडे दहा मिनिटे श्वास पाहायचा आणि झोपायचे. पहाटे तिकडे आई कोयता उचलेल तेव्हा तिची झोप झालेली असेल, आणि इकडे लेकरू दप्तर उचलेल तेव्हा त्याचीही.

जयभीम.